ऑप्टिक न्यूरायटिस

डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला सूज येऊन नजर अधू होण्याचा विकार. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) झालेल्या साधारण निम्म्या रुग्णांना तो कधी ना कधी गाठतो. पाचांतल्या एकाला तर एमएसची पहिली वर्दी यातूनच मिळते. विशी ते चाळिशीच्या स्त्रियांत तो अधिक आढळतो.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर उलटते. दृष्टीची नस म्हणजे मेंदूचाच पुढे आलेला भाग, त्यामुळे तिच्या दहा लाखांवर तंतूंनाही तीच झळ लागते. आवरण गेले की संदेश रेंगाळतो.

सुरुवात बहुधा एकाच डोळ्यात होते. डोळा फिरवला की आत दुखते आणि काही दिवसांत समोरचे धूसर होत जाते. रंग उतरतात, त्यातही लाल: एका डोळ्याला लालभडक दिसणारे कुंकू दुसऱ्याला विटकरी, धुवट दिसते. बाहेरून मात्र डोळा स्वच्छ असतो. सूज बहुतेकदा नेत्रगोलाच्या मागे असल्याने सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत आतला पडदा तपासूनही काही सापडत नाही. अशा वेळी ‘डोळे ठीक आहेत’ म्हणून रुग्णाला परत पाठवणे अन्यायाचे आहे. बॅटरीचा झोत चांगल्या डोळ्यावरून आजारी डोळ्यावर आणला, की तिथली बाहुली आकसण्याऐवजी रुंदावते. तक्रार खरी असल्याची ही साक्ष आहे.

नजर परतल्यावरही कढत पाण्याची आंघोळ, ताप किंवा उन्हातली चाल यांनी ती काही वेळ मंदावते. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये याची नोंद केली. अंग निवले की दिसणे पूर्ववत होते. हा नवा झटका नव्हे.

अमेरिकेत ४५७ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९२ पासून प्रसिद्ध होत गेले आणि उपचारांची दिशा ठरली. शिरेतून तीन दिवस मिथाइलप्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारे स्टिरॉइड दिल्यास नजर लवकर सुधारते, पण वर्षभरानंतर औषध घेतलेले आणि न घेतलेले जवळपास सारखेच पाहतात. नेहमीच्या मात्रेत नुसत्या प्रेडनिसोन या स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांत मात्र विकार पुन्हा होण्याचे प्रमाण वाढले. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये मेंदूत एकही डाग नसलेल्यांपैकी २५ टक्क्यांना, तर डाग असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना १५ वर्षांत एमएस झाला.

दोन्ही डोळे एकदम गेले किंवा नजर परतलीच नाही, तर न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या वेगळ्या आजारासाठी रक्तातील अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनाविरोधी प्रतिपिंडे तपासावी लागतात. एमएसची काही औषधे त्या आजारात अपाय करतात.