फ्लेमिंगोंच्या खाडीतले शिकारी

नवी मुंबईतल्या ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीने जाणाऱ्या बहुतेकांची नजर गुलाबी थवे शोधत असते. अभयारण्याचं नावच ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ आहे. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या या सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्रात निम्म्याहून थोडं अधिक कांदळवन आहे, बाकी खाडीचं पात्र. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जाही मिळाला. तरीही खाडीची तब्येत कशी आहे हे जाणायचं असेल, तर मी फ्लेमिंगोंच्या आधी शिकारी पक्षी शोधेन.

छोटा फ्लेमिंगो मुख्यतः सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. शहराच्या सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर असतात आणि त्यांवर शेवाळ फोफावतं. म्हणजे पाणी बिघडत असतानाही फ्लेमिंगोंचं ताट भरलेलं राहू शकतं. शिकारी पक्ष्याचं तसं नाही. तो अन्नसाखळीच्या टोकाला असतो. चिखलातले किडे, त्यांवर जगणारी निवटी, चिंबोरी, बोईट आणि तुतवार-चिखल्यांसारख्या किनारपक्ष्यांचे थवे, यातलं काही ढासळलं की त्याची उपासमार होते.

हिवाळ्यात इथे येणारी मीनखाई घार, म्हणजे ऑस्प्रे, जवळपास फक्त माशांवर जगते. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत ती थांबते आणि पाय पुढे करून झेपावते. तिच्या पायाचं बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे दोन बोटं पुढे आणि दोन मागे अशी पकड बसते. तळव्यांवर बारीक काटे असतात, म्हणून बुळबुळीत बोईटसुद्धा निसटत नाही. पाण्यात शिरताना नाकपुड्याही बंद होतात. मासा मिळाला की हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून त्याचं डोकं पुढच्या दिशेला ठेवूनच ती उडते.

दलदली भोवत्या, म्हणजे मार्श हॅरियर, या शिकारी पक्ष्याची रीत अगदी वेगळी. पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर धरून तो गवतावरून अगदी कमी उंचीवर तरंगत जातो. त्याच्या चेहऱ्याभोवती घुबडासारखी पिसांची तबकडी असते. ती आवाज कानांकडे वळवते, त्यामुळे गवताआड लपलेलं भक्ष्यही त्याला कळतं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: हा पक्षी रात्री झाडावर नव्हे, जमिनीवर, उंच गवतात किंवा पाणवनस्पतींत झोपतो. आपण ज्या जागेला ‘पडीक’ म्हणून तिथे डेब्रिज टाकतो, ती त्याची झोपायची जागा असू शकते. मोकाट कुत्री तिथे फिरू लागली की ती जागा त्याच्या कामाची राहत नाही.

याच हंगामात मोठा ठिपक्यांचा गरुडही येतो. पूर्व युरोप ते सायबेरिया या पट्ट्यात त्याची वीण होते आणि धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. ब्राह्मणी घार मात्र इथलीच, बारमाही. बहिरी ससाण्याला उंच कड्यांची सवय असल्याने टॉवरची गच्चीही चालते.

टोकाला असण्याची किंमतही असते. पारा किंवा डीडीटी या कीटकनाशकासारखी द्रव्यं शरीराबाहेर सहज जात नाहीत. साखळीतल्या प्रत्येक पायरीवर त्यांचं प्रमाण वाढत जातं. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन युरोप-अमेरिकेत बहिरी ससाणे झपाट्याने घटले होते. खाडीच्या काठावर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे, तेव्हा इथल्या गाळाची आणि माशांची तपासणी नियमित व्हायला हवी असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी अडचण हद्दीची. भरतीत चिखल पाण्याखाली जातो तेव्हा किनारपक्षी आतल्या पाणथळींवर जाऊन बसतात आणि त्यांच्यामागे शिकारीही जातात. या पाणथळी बऱ्याचदा अभयारण्याबाहेर असतात. २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येणं थांबलं आणि तळं आटलं. तिथे पक्ष्यांचे हाल झाले, पण अभयारण्याची हद्द कागदावर तेवढीच राहिली. पाणथळींना संरक्षण आणि भरतीचं पाणी, दोन्ही मिळायला हवं.

शेवटी संक्रांत. हे पाहुणे खाडीत असतानाच पतंग उडतात. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो झाडांवर आणि तारांवर आठवडेच्या आठवडे लटकत राहतो, कारण तो कुजत नाही. हाताला येईल तेवढा काढून कापून टाका. जखमी घार सापडली तर जाड कापड टाकून तिला हवेची भोकं असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा. नख्यांपासून हात जपा, चोचीत पाणी ओतू नका आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.