बटण दाबल्यापासून पूजा होईपर्यंत

नौपाड्यातले आमचे एक काका सकाळी लॅपटॉपचं बटण दाबतात आणि देवपूजेला बसतात. "पूजा होईस्तोवर उठतो तो," असं सांगतात, लोळत पडलेल्या नातवाबद्दल बोलावं तसं. लॅपटॉप आठ वर्षांचा. एका दुकानात दाखवला तर "आता नवीनच घ्या" असा सल्ला मिळाला. मग एका रविवारी मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून शेजारी बसलो. बटणापासून पासवर्ड मागेपर्यंत 50 सेकंद. पासवर्ड टाकल्यापासून ब्राउझर खरोखर उघडेपर्यंत आणखी दोन मिनिटं.

पहिल्या 50 सेकंदांत जे घडतं त्याला बूट होणं म्हणतात, आणि हा बूट पायातलाच. बुटाला मागे धरून ओढायची एक पट्टी असते. आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलायचं, अशी इंग्रजीत एक म्हण आहे. संगणकापुढचा पेच नेमका तोच असतो. डिस्कवरचा प्रोग्रॅम मेमरीत आणायला आधी एक प्रोग्रॅम लागतो, आणि वीज आली तेव्हा मेमरी तर कोरी असते. 1975च्या अल्टेअर 8800 या संगणकावर ही पहिली पावलं माणूसच समोरचे खटके वरखाली करून भरायचा. आता ते काम मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्रॅम करतो, जुन्या यंत्रांत बायॉस, हल्लीच्या यंत्रांत युईएफआय. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का पाहतो आणि कारभार विंडोजच्या हाती देतो. काकांच्या लॅपटॉपवर याला फक्त 8 सेकंद लागत होते. इथे वाचवण्यासारखं काही नव्हतं.

खरी गंमत पासवर्डनंतरच्या दोन मिनिटांत होती. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर 12 टक्क्यांवर निवांत होता आणि डिस्क 100 टक्क्यांवर घामाघूम. दुकानदार ज्याला म्हातारा म्हणाला, तो प्रोसेसर बिचारा रिकामा बसून डिस्कची वाट बघत होता.

लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी ते टोक धरणारा दांडा योग्य वर्तुळावर सरकायला हवा, त्याचे दहा-एक मिलिसेकंद. एका तुकड्याला साधारण 16 मिलिसेकंद झाले. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सुरू होताना संगणक एक मोठी फाइल वाचत नाही, तो हजारो बारीक तुकडे इकडून तिकडून गोळा करतो. पूजेसाठी जांभळी नाक्यावर फुलं आणायला एक खेप, कापराला दुसरी, सुपारीला तिसरी, असा तो प्रकार. असे साडेसात हजार तुकडे धरले तर 16 मिलिसेकंदांनी गुणून बरोबर 120 सेकंद. विंडोज हुशारीने रांग लावते, त्यामुळे प्रत्यक्षातला हिशेब इतका सरळ नसतो. पण दुखणं हेच.

हे तुकडे मागतं कोण? टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' नावाचा भाग आहे. काकांकडे तिथे चौदा नावं निघाली. त्यातले दोन प्रिंटरचे अपडेटर, आणि त्यातला एक प्रिंटर कधीच भंगारवाल्याकडे गेलेला. एक तर 'संगणक वेगवान करणारा' प्रोग्रॅम होता, म्हणजे दारातली गर्दी हटवायला आणखी एक माणूस दारातच उभा. अँटिव्हायरस आणि टचपॅडचा ड्रायव्हर (टचपॅड चालवणारा प्रोग्रॅम) सोडून बाकीची बारा नावं बंद केली. काही काढून टाकावं लागत नाही, हवं तेव्हा हाताने उघडता येतं. एकूण वेळ 1 मिनिट 50 सेकंदांवर आला, खर्च शून्य.

मग काकांना एक धक्का. त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम', म्हणजे यंत्र सलग सुरू असल्याचा वेळ, 23 दिवस दिसत होता. "अरे, मी रोज रात्री बंद करतो!" ते खरंच बंद करत होते. पण 2012च्या विंडोज 8पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. 'शट डाउन' केल्यावर उघडे प्रोग्रॅम बंद होतात, मात्र विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर उतरवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. वेळ वाचतो, पण गाभ्यात किंवा ड्रायव्हरमध्ये साचलेला गोंधळही तसाच परत येतो. पूर्ण नव्याने सुरुवात 'रीस्टार्ट'ने होते. नावावरून उलटं वाटतं खरं, त्याला इलाज नाही.

शेवटी डिस्कच बदलली, जुनीच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तिचं मूळ असलेली फ्लॅश मेमरी 1980च्या दशकात तोशिबात फुजिओ मासुओका यांनी शोधली. तिथे तुकडा सापडायला सुमारे 0.1 मिलिसेकंद लागतो, म्हणजे साडेसात हजारांना पाऊण सेकंद. आधी सगळ्याचा बॅकअप घेतला, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवली, चार स्क्रू फिरवले. बटणापासून ब्राउझरपर्यंत 22 सेकंद. एसएसडीला डीफ्रॅगमेंट करायचं, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र रचायचं, नसतं एवढं बजावलं. तुकडे विखुरलेले असले तरी तिथे खेपच नसते.

जुनी डिस्क एका केसिंगमध्ये घालून काकांनी कपाटात ठेवली, त्यात गावच्या गणपतीचे फोटो आहेत. ते म्हणाले, आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून लॉकरमध्ये टाकतो. त्याला मात्र मी नको म्हटलं. फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे कोंडून ठेवलेला विद्युतभार, आणि वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही तर तो हळूहळू झिरपतो. पेन ड्राइव्हच्या पोटात तीच मेमरी असते.