गाडी उलाळ होते तेव्हा

आमच्या शहाद्याकडून तोरणमाळला जाताना सातपायरी घाट लागतो. खाली तापी खोऱ्यातली सपाट काळी जमीन, वर अकराशे मीटरवरचं पठार. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि गेली कित्येक वर्षं या रस्त्यावर दुचाकी चालवतो. तरी एक गोष्ट मला नीट उमजली ती दूध घालणाऱ्या एका नानांमुळे. गॅरेजमध्ये मी चेन घट्ट करून घेत होतो, तेवढ्यात नाना आले. त्यांची तक्रार एका ओळीची होती : "सर, गाडी काब्र डोलस?" म्हणजे गाडी का डोलते?

मागचे शॉकअप नवे होते. गॅरेजवाल्या आप्पांनी ते टाइट करूनही दिले होते. तरी दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवले की गाडी मागून बसायची, हँडल हलकं पडायचं आणि वळणावर गाडी बाहेर जायची. रात्री हेडलाइटचा झोत रस्ता सोडून झाडांवर पडायचा. नानांना वाटत होतं की स्प्रिंग अजून कडक करायला हवी.

आपण सगळे असंच बोलतो. शॉकअप कडक आहे, शॉकअप मऊ आहे. माझ्या मते घोटाळा या दोन शब्दांपासूनच सुरू होतो. खरा प्रश्न वजन कुठे जातं हा आहे, आणि तो आपल्या शेतकऱ्याला शतकानुशतकं ठाऊक आहे. बैलगाडीत पोती आसाच्या मागे जास्त लागली की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त लागली की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. गाडीवान तेव्हा चाक बदलत नाही. दोन पोती पुढे-मागे सरकवतो आणि बैल मोकळे चालू लागतात.

त्या दिवशी आम्ही टेप घेऊन मोजायला बसलो. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका बोल्टपर्यंतचं अंतर घेतलं. मग गाडी खाली उतरवून नाना बसले, मी हँडल धरलं, आप्पांनी पुन्हा टेप लावली. अंतर २८ मिलिमीटरने कमी झालं होतं. या दबण्याला जाणकार सॅग म्हणतात. त्या गाडीचं मागचं चाक एकूण ९० मिलिमीटर वर-खाली होऊ शकतं, म्हणजे नुसते नाना बसल्यावर त्यातला साधारण तिसरा हिस्सा खर्च झाला. हे अगदी योग्य आहे. मग भरलेले कॅन अडकवले, एकंदर ५० किलो. आता आकडा आला ४८. अर्ध्याहून जास्त जागा गाडी हलण्याआधीच संपलेली.

मुळात बसल्यावर गाडी थोडी दबायलाच हवी, हे पुष्कळांना पटत नाही. पण खड्डा आला की चाकाला खाली जाता आलं पाहिजे. शॉकअप पूर्ण ताणलेलाच असेल तर खड्ड्यावर चाक हवेत लटकतं आणि तेवढा क्षण रस्त्यावरची पकड सुटते. दबलेला तिसरा हिस्सा खड्ड्यासाठी, उरलेले दोन हिस्से उंचवट्यासाठी, असा हा साधा हिशोब आहे. तो माणसाच्या वजनागणिक बदलतो, म्हणून गाडी शोरूममधून जशी आली तशी सगळ्यांना चालेल असं होत नाही.

आता त्या टाइट करण्याबद्दल. शॉकअपच्या तळाशी पायऱ्या-पायऱ्यांची खाचेदार कडी असते. पान्याने ती फिरवली की स्प्रिंग आधीपासूनच थोडी दाबलेली राहते. आपण म्हणतो, स्प्रिंग कडक झाली. ती झालेली नसते. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली जो नियम उघड केला (दोन वर्षं आधी त्याने तो अक्षरांच्या कोड्यात दडवून छापला होता, श्रेय दुसऱ्याने नेऊ नये म्हणून), तो सांगतो की स्प्रिंग जितकी दाबाल तितकाच तिचा विरोध वाढतो. नानांच्या गाडीचे दोन्ही शॉकअप मिळून दर अडीच किलोला एक मिलिमीटर दबत होते. म्हणून ५० किलोला २० मिलिमीटर. कडी कितीही फिरवा, पुढचे अडीच किलो पुन्हा एकच मिलिमीटर दाबणार. कडीने फरक पडतो तो उंचीत. एक खाच पाच मिलिमीटरची धरली, तर दोन खाचा वर नेल्यावर ४८ चे ३८ होतात. गाडीची मागची बाजू उचलली जाते, तिचा तोल बदलतो, पण स्प्रिंग जातीने तीच राहते. तिला खरोखर कडक करायचं तर जाड तारेची किंवा कमी वेढ्यांची दुसरी स्प्रिंगच बसवावी लागते.

मागची बाजू नुसती २० मिलिमीटर दबल्याने एवढं काय होतं, असं वाटेल. दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटर धरा. तेवढ्याने गाडी जेमतेम एका अंशाने मागे कलते. पण २५ मीटरवर हेडलाइटचा झोत ४० सेंटिमीटर वर जातो. पुढचे पाइप जास्त आडवे होतात, हँडल सुस्तावतं. आणि कॅन मागच्या आसाच्याही मागे लोंबत असतील तर पुढच्या चाकावरचा भार चक्क कमी होतो. हीच उलाळ.

वजनाची ही गोष्ट मला सगळ्यांत स्पष्ट दिसली ती मात्र बर्फात. एका जानेवारीत आम्ही गुलमर्गला गेलो होतो. तिथे बर्फावर चालणारी गाडी, स्नोमोबाइल, पहिल्यांदा जवळून पाहिली. पुढे दोन स्की, मागे चाकांऐवजी एक रुंद रबरी पट्टा. घरी आल्यावर मी या यंत्राच्या मागेच लागलो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला जोसेफ-अर्मां बोम्बार्दिए हा मेकॅनिक बर्फावरच्या गाडीचे प्रयोग करत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात नेता आलं नाही, मूल गेलं. १९३७ साली त्याला पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि १९५९ मध्ये त्याची छोटी स्नोमोबाइल बाजारात आली. सातपुड्याच्या पाड्यांवरून बांबूच्या झोळीतून खाली आणलेले आजारी मी पाहिले आहेत. त्यामुळे हे यंत्र मला केवळ हौसेचं वाटत नाही.

डोंगरातल्या भुसभुशीत, कमरेएवढ्या बर्फासाठी बनवलेल्या स्नोमोबाइलचा पट्टा सलग मोजला तर चार मीटरच्या आसपास भरतो आणि त्यावर सहा-सात सेंटिमीटर उंचीचे रबरी दात असतात. पट्ट्याच्या आत त्याच्या लांबीने दोन समांतर रुळांची चौकट. तिला पुढे एक दांडा आणि मागे एक दांडा, दोन्हींना आपापला शॉकअप. आणि पुढच्या दांड्याला एक साधा विणलेला पट्टा बांधलेला असतो, त्याचं नाव लिमिटर स्ट्रॅप. त्याचं काम एवढंच की पुढचा दांडा ठरावीक अंतरापलीकडे खाली जाऊ नये. किंमत क्षुल्लक, पण सगळा तोल त्याच्या हातात.

स्नोमोबाइलला रेस दिली की पट्टा बर्फाला मागे ढकलतो. हा धक्का जमिनीलगत लागतो, पण गाडी आणि माणूस यांचा गुरुत्वमध्य त्याहून बराच वर असतो. त्यामुळे नाक उचललं जातं, भार मागे सरकतो. चढावर हे आणखी वाढतं. लिमिटर स्ट्रॅप एका भोकाने आखूड केला की पुढचा दांडा वर धरला जातो, स्कीवर भार येतो, आणि तीव्र चढावर नाक खाली राहतं. तोच सैल सोडला की स्की हलक्या होतात, गाडी ताज्या बर्फावर तरंगून चढते, पण खड्या चढावर पुढून उठायला बघते. पुढच्या दांड्याच्या शॉकअपची स्प्रिंग आधीपासून जास्त दाबून ठेवली तरी स्कीवरचा भार घटून हँडल हलकं होतं. मागची स्प्रिंग फार सैल असेल तर मागची बाजू बसते आणि स्की पुन्हा उचलल्या जातात. फार ताणलेली असेल तर भार स्कीवर पडून हात भरून येतात. गाडीवानाने पोतं सरकवावं, तसं इथे एका भोकाने भार सरकतो. आणि हे ठरवायला तिथले चालकही आधी सॅगच मोजतात : मागचा बंपर धरून गाडी पूर्ण उचलायची, टेप लावायची, मग बसायचं आणि पुन्हा लावायची. रॉकी पर्वत काय आणि शहादा काय, टेप तीच.

डोंगरउतारावर आडवं जाताना ही गाडी मुद्दाम एका कुशीवर कलती ठेवावी लागते, म्हणून दोन स्कींमधलं अंतर कमी असतं. डाव्या-उजव्या बाजूला बांधणारा पोलादी दांडा, जो सपाट रस्त्यावर गाडी झुकू देत नाही, तो बरेच जण काढूनच टाकतात. एका जागी गुण असलेली गोष्ट दुसऱ्या जागी अडचण होते.

आता नानांच्या मूळ प्रश्नाकडे : डोलण्याकडे. इथे स्प्रिंगइतकीच जमीनही जबाबदार आहे. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्यासोबत लाटांचा होतो. प्रत्येक स्प्रिंगला तिचा एक झोका असतो. एकटे नाना बसल्यावर त्यांच्या गाडीचा मागचा भाग सेकंदाला साधारण २.६ वेळा झुलू शकतो, भरलेल्या कॅनसह २.१ वेळा. समजा रस्त्यावर दर सहा मीटरला एक उंचवटा आहे. मग रिकाम्या गाडीला ताशी ५६ किलोमीटरला प्रत्येक उंचवटा नेमका झोक्याच्या तालावर भेटतो, भरलेल्या गाडीला ताशी ४५ ला. झोपाळ्यावरच्या मुलाला ठरावीक वेळी धक्का दिला की झोका वाढत जातो, तसंच. नाना दूध घेऊन बरोबर ४५ च्या आसपास चालवायचे.

हा झोका मारायचं काम शॉकअपमधल्या तेलाचं. आत दट्ट्याला बारीक भोकं असतात आणि तेलाला त्यातून जावं लागतं. विहिरीत हात हळू फिरवला तर पाणी वाट देतं, झटक्याने मारला तर अडवतं, तसंच तेल हळू हालचालीला कमी आणि वेगवान हालचालीला जास्त विरोध करतं. झोक्यातली ऊर्जा उष्णता होऊन जाते. घाट उतरल्यावर शॉकअपच्या नळीला हात लावून पाहा, कोमट लागते. परतीच्या हालचालीला विरोध दाबण्यापेक्षा जास्त ठेवतात, कारण दबलेली स्प्रिंग सुटली की गाडीला उडवते. पण हा विरोध अति झाला तर खडबडीत रस्त्यावर शॉकअप पुरता परतायच्या आत पुढचा दणका येतो आणि गाडी दबत दबत खाली बसत जाते. अशी गाडी कडक वाटते, आणि माणूस स्प्रिंगला दोष देतो.

तापमानही यात हात घालतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा तेल पातळ होऊन विरोध घटतो. बर्फात उलट, तेल घट्ट होतं. काही स्नोमोबाइलमध्ये स्प्रिंगऐवजी दाबलेली हवाच वापरतात. वीस अंशांच्या शेडमध्ये भरलेली हवा उणे वीसच्या डोंगरावर नेली की तिचा दाब सुमारे १४ टक्क्यांनी उतरतो. म्हणून हवा तिथल्या थंडीतच भरून तपासावी लागते.

नानांच्या शॉकअपचं तेल ठीक होतं. सीट दाबून सोडली की गाडी एकदा वर येऊन थांबत होती. चार-पाच वेळा हलत राहिली असती, तर ऑइल सील गेलं असं समजलो असतो. आप्पांनी आधी कॅन अडकवायचे हुक चार बोटं पुढे घेतले, आसाच्या पुढे. मग दोन्ही बाजूंची कडी सारख्याच दोन खाचा वर नेली. दोन बाजू वेगवेगळ्या ठेवल्या तर मागचा चिमटा, म्हणजे चाक धरणारी चौकट, पिळला जातो, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. टायरमधली हवा भरलेल्या ओझ्याच्या मापाने केली. पुन्हा टेप लावली : ३८. आणि भरल्या गाडीने ४५ चा वेग टाळायचा, थोडं हळू जायचं, असं मी नानांना सांगितलं.

चार दिवसांनी ते पहाटे रस्त्यात भेटले. झोत रस्त्यावर होता. "आते बरं शे," म्हणाले. परत येताना कॅन रिकामे असतात, म्हणून दूध उतरवलं की ते दोन्ही खाचा पुन्हा खाली घेतात. शॉकअपचा पाना आता एका कॅनच्या कडीला सुतळीने बांधलेला असतो, आणि शॉकअपच्या खाचेदार कडीवर आप्पांनी पांढऱ्या रंगाने दोन रेघा मारून दिल्या आहेत, एक भरल्या गाडीची, एक रिकाम्या.