‘आय विश’ म्हटलं की इंग्लिश क्रियापद एक पाऊल मागे का जातं?

परवा माझ्या भाचीनं मैत्रिणीला पाठवायचा मेसेज आधी मला दाखवला. मैत्रिणीची बारावीची परीक्षा होती आणि हिनं लिहिलेलं, ‘आय विश यू विल पास’. मी म्हटलं अगं इथे ‘होप’ पाहिजे, तर ती म्हणाली, ‘मामा, पण विश म्हणजे शुभेच्छाच ना, वाढदिवसाला आपण विशच करतो की.’ प्रश्न एकदम बरोबर होता आणि मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून घरी येऊन बसलो आणि जे सापडत गेलं ते इतकं भारी निघालं की लिहावंसंच वाटलं.

तर ‘विश’च्या पुढे नुसतं नाम आलं, म्हणजे ‘आय विश यू सक्सेस’, ‘आय विश यू अ हॅपी बर्थडे’, तर ती शुभेच्छाच. पण पुढे अख्खं वाक्य आलं की सगळा रंगच बदलतो. ‘आय होप शी हॅज टाइम’ म्हणजे तिला वेळ असू दे बाबा, असेलही कदाचित. ‘आय विश शी हॅड टाइम’ म्हणजे तिला वेळ असता तर किती बरं झालं असतं, अर्थात वेळ नाहीये. आता बघा, दोन्ही वाक्यं आजबद्दलच आहेत, कालचा कुणी विषयच काढलेला नाही, तरी दुसऱ्या वाक्यात ‘हॅज’चं ‘हॅड’ झालं. आणि जी गोष्ट खरंच होऊन गेलीय तिच्याबद्दल हळहळायचं असेल तर आणखी एक पायरी मागे, ‘आय विश शी हॅड कम’. ती आली असती तर, पण आली नाही.

‘इफ’चंही तसंच. ‘इफ इट रेन्स, वी विल स्टे होम’, आभाळ भरून आलंय, पाऊस येऊ शकतो. ‘इफ इट रेन्ड, वी वुड स्टे होम’, बोलणाऱ्याला पावसाची फार आशा नाही. ‘इफ इट हॅड रेन्ड, वी वुड हॅव स्टेड होम’, पाऊस पडला नाही, विषय संपला. शाळेत हे फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल म्हणून पाठ करून घेतात आणि मुलं बिचारी सूत्रं घोकत राहतात. पण त्याच्या आतली गोष्ट एकच आहे, वास्तवापासून जितकं लांब जायचं तितका क्रियापदाचा काळ मागे सरकवायचा.

२००० साली सबीन इयात्रिदू या ग्रीक भाषाशास्त्रज्ञ बाईंनी यावर एक पेपर लिहिला, त्या अमेरिकेतल्या एमआयटीत शिकवतात. या भूतकाळाला भाषाशास्त्रात ‘फेक पास्ट’ म्हणतात, म्हणजे दिसायला भूतकाळ पण वेळेशी संबंध नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की या रूपाचा मूळ अर्थ ‘पूर्वी’ असा नाहीच, मूळ अर्थ आहे ‘इथून लांब’. कधी ते लांब असणं वेळेतलं असतं, मग आपण त्याला भूतकाळ म्हणतो, आणि कधी ते वास्तवापासूनचं असतं, मग ती कल्पना होते. सगळ्या भाषाशास्त्रज्ञांना हे पटलेलं नाहीये, काहींच्या मते तो खराच भूतकाळ असतो, म्हणजे बोलणारा मनानं मागच्या अशा क्षणी जातो जिथे अजून सगळं घडू शकत होतं. मला स्वतःला लांबपणाची कल्पना जास्त पटते, कारण इंग्लिशमध्ये नम्रपणासाठीसुद्धा हेच रूप चालतं, ‘आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग’. विचारायचंय आत्ता, पण एक पाऊल मागे उभं राहून. आणि मराठीत आपणही अगदी हेच करतो की, साहेबांच्या केबिनच्या दारात उभं राहून ‘जरा विचारायचं होतं’ असं म्हणतो, होतं!

आणि ‘इफ आय वेअर यू’ मधलं ते विचित्र ‘वेअर’? ते फार जुनं आहे. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्लिशमध्ये कल्पनेतल्या गोष्टींसाठी क्रियापदाची वेगळी रूपं होती, पुढे शब्दांचे शेवट झिजत गेले आणि ती रूपं साध्या भूतकाळासारखीच दिसायला लागली. फक्त ‘बी’ या एका क्रियापदात जुना फरक टिकला, म्हणून ‘आय वॉज’ असताना ‘इफ आय वेअर’. आता बोलताना खूप इंग्रज आणि अमेरिकन लोकही ‘इफ आय वॉज’ म्हणतात, त्यामुळे तो अवशेषही हळूहळू चाललाय.

आता खरी गंमत, मराठीकडे या. ‘पाऊस पडला तर घरी थांबू.’ यात ‘पडला’ हा दिसायला भूतकाळच आहे ना? पण अर्थ काय, तर पाऊस पडू शकतो, उद्या पडेलही. म्हणजे जिथे इंग्लिश भूतकाळ वापरून ‘हे काही व्हायचं नाही’ म्हणते तिथे मराठी त्याच्यासारख्याच रूपानं ‘हे होऊ शकतं’ म्हणते! कारण आपलं ‘ला’वालं रूप, ज्याला व्याकरणात लाख्यात म्हणतात, ते वेळेपेक्षा क्रिया पुरी झाल्याचं सांगतं. स्वयंपाकघरातून हाक आली की आपण जागचं न हलता ‘आलो आलो’ म्हणतो, आणि काठावर उभ्या पोराला ‘पडलास बघ आता’ म्हणतो. हे ‘आलो’ आणि ‘पडलास’ अजून घडलेलं नाहीये पण इतकं जवळ आहे की झाल्यातच जमा. इंग्रजांचं भूतकाळी रूप लांब नेतं आणि आपलं जवळ आणतं.

लांब न्यायचं काम मराठीत ‘ता’ करतो, गाडीखाली येता येता वाचलेल्याला आपण ‘मेला असतास’ म्हणतो. ‘पाऊस पडला असता तर’, ‘तू येतास तर मजा आली असती’. शाळेत आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकलो, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ, त्यातला हा संकेतार्थ. हिंदीतही तेच, ‘वो आता तो मैं जाता’. आणि आपल्या लोकांची जी सगळ्यात नेहमीची चूक आहे, ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’, ती माझ्या मते थेट इथूनच येते. ‘मला माहीत असतं तर मी आलो असतो’, बघा, मराठीत दोन्ही बाजूंना ‘असतं-असतो’ आहे, म्हणून आपण इंग्लिशमध्येही दोन्ही बाजूंना ‘वुड’ लावून मोकळे होतो, पण इंग्लिशमध्ये ‘वुड’ फक्त परिणामाच्या बाजूला लागतं आणि ‘इफ’च्या बाजूला नुसता मागे सरकवलेला काळ. हे वर्गात कुणी मुलांना असं शेजारी शेजारी ठेवून दाखवत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पोरं मठ्ठ नसतात, ती त्यांच्या भाषेचा नियम इमानदारीत पाळत असतात.

मग ज्या भाषेत अशी वेगळी रूपंच नाहीत ते लोक ‘असं झालं असतं तर’ असा विचार कमी करतात का? १९८१ मध्ये आल्फ्रेड ब्लूम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं चिनी भाषेबद्दल जवळपास हाच दावा केला होता. हाँगकाँगमध्ये त्यानं लोकांना विचारलं होतं की सरकारनं असा असा कडक कायदा केला असता तर तुम्ही काय केलं असतं, आणि लोक म्हणायचे, पण सरकारनं तसा कायदा केलेला नाही. त्यानं वाचायला दिलेल्या ‘असं झालं असतं तर’च्या चिनी गोष्टीही बऱ्याच जणांना कळल्या नव्हत्या. दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, टेरी औ या संशोधक बाईंनी नीट, सहज चिनीत लिहिलेल्या गोष्टी हाँगकाँगच्या मुलांना दिल्या आणि मुलांना त्या बऱ्यापैकी व्यवस्थित कळल्या. म्हणजे त्यांच्या मते ब्लूमच्या गोष्टींची चिनी भाषाच अवघड आणि परकी होती. चिनी माणूस ते संदर्भावरून समजून घेतो एवढंच. मला हा किस्सा महत्त्वाचा वाटतो, कारण ‘अमुक भाषेत अमुक रूप नाही म्हणून त्या लोकांना ते सुचतच नाही’ हे आपण फार पटकन म्हणून टाकतो.

हळहळ तर सगळ्यांनाच असते. डॅनियल काहनमन आणि एमस टव्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये लोकांना विचारलं की दोघांचं विमान चुकलं, एकाचं अर्ध्या तासानं आणि दुसऱ्याचं फक्त पाच मिनिटांनी, जास्त वाईट कुणाला वाटेल? ९६ टक्के लोक म्हणाले पाच मिनिटवाल्याला. विमान दोघांचंही गेलंय, पण पाच मिनिटवाल्याच्या डोक्यात ‘सिग्नल लागला नसता तर’ लगेच तयार होतं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या व्हिडिओंवरून केलेल्या अभ्यासातही रौप्यपदकवाले कांस्यपदकवाल्यांपेक्षा कमी खूश दिसले, एकाच्या मनात ‘थोडक्यात हुकलं’ आणि दुसऱ्याच्या मनात ‘निदान मिळालं तरी’.

एक गोष्ट मात्र पुस्तकं नीट सांगत नाहीत. थर्ड कंडिशनल म्हणजे गोष्ट हमखास खोटी, असं नसतं. १९५१ मध्ये ॲलन अँडरसन या तत्त्वज्ञानं एक उदाहरण दिलं होतं, डॉक्टर म्हणतो की पेशंटनं आर्सेनिक हे विष घेतलं असतं तर त्याच्यात नेमकी हीच लक्षणं दिसली असती जी आत्ता दिसतायत. इंग्लिशमध्ये हे वाक्य ‘त्यानं आर्सेनिक घेतलं’ या संशयाकडे बोट दाखवू शकतं! म्हणजे ते रूप ‘हे खोटं आहे’ असं ठासून सांगत नाही, फक्त अंतर ठेवतं आणि खोटेपणा आपण ऐकणारे मनानं जोडतो. माझ्या कानाला मराठीत ‘घेतलं असतं तर’ म्हटलं की वाटतं घेतलेलं नाहीच. संशय असेल तर आपला डॉक्टर म्हणेल, ‘आर्सेनिक घेतलं असेल तर अशीच लक्षणं दिसतात.’ असतं आणि असेल, एवढाच फरक.

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिनं मेसेज बदलून ‘आय होप यू पास’ केला आणि मग विचारलं, ‘मामा, मग आजीला आय विश यू वेअर हिअर लिहिलं तर बरोबर का?’ आजी गावाला असते. बरोबर आहे म्हटलं.