पार्श्वभूमी: आयफेल टॉवरची रांग कशी लांबते, कशी आटते

आयफेल टॉवरवर चांगल्या वर्षी साठ लाखांहून जास्त लोक चढतात आणि त्यातले साधारण तीन-चतुर्थांश परदेशी असतात. हा दुसरा आकडा लक्षात ठेवायला हवा. जगात काहीही बिघडलं तरी पॅरिसकर पॅरिसातच असतो. बेत रद्द करतो तो बाहेरचा.

मुळात टॉवरच एका जागतिक सोहळ्यासाठी उभा राहिला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या शताब्दीनिमित्त १८८९ मध्ये पॅरिसला भव्य प्रदर्शन भरलं. १५ मे रोजी टॉवर लोकांसाठी उघडला, पण लिफ्ट तयार नव्हत्या. तरी पहिल्या काही दिवसांत तीस हजारांच्या आसपास लोक पायऱ्या चढून गेले. प्रदर्शन संपेपर्यंत संख्या साडेएकोणीस लाखांवर पोचली. पुढच्याच वर्षी ती चार लाखांच्या आत आली आणि १८९९ पर्यंत दीड लाखावर. १९०० मध्ये पुन्हा प्रदर्शन भरलं, पुन्हा दहा लाख, आणि मंडप उठले तशी गर्दीही उठली. टॉवर उभा ठेवण्याचा वीस वर्षांचा परवाना १९०९ मध्ये संपत होता. टॉवर तेव्हा मोडला गेला नाही, पण ते श्रेय प्रेक्षकांचं नव्हे, बिनतारी संदेशाच्या अँटेनाचं!

पहिल्या महायुद्धात तो लष्कराकडे गेला, लोकांना बंद झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं तेव्हा लिफ्टच्या तारा तोडलेल्या होत्या. युद्धकाळात सुटे भाग मिळेनात, म्हणून वर झेंडा लावायला जर्मन सैनिकांना पायऱ्या चढाव्या लागल्या. सामान्य लोकांना टॉवर परत मिळाला तो जून १९४६ मध्ये.

पुढे जेट विमानांनी परदेशप्रवास आवाक्यात आणला आणि २०१४ मध्ये आकडा सत्तर लाखांपलीकडे गेला. १३ नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांनंतर टॉवर बंद झाला. तीन दिवसांनी उघडला तो तिरंगी रोषणाईत. २०१६ मध्ये संख्या साठ लाखांखाली घसरली. ही घसरण सरसकट दहशतीच्या खात्यावर टाकतात, ते मला पटत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये सीन नदीला पूर आला होता आणि डिसेंबरात टॉवरचे कर्मचारी पाच दिवस संपावर होते. हल्ल्याची खूण आकड्यांपेक्षा जमिनीवर जास्त दिसते: पूर्वी टॉवरच्या चार पायांखालून कुणीही फिरत जायचं, आता तपासणीशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. २०१८ पासून दोन बाजूंना गोळी न भेदणारी, साडेसहा सेंटिमीटर जाडीची काचेची भिंत आहे.

कोविडने मात्र रांगच पुसली. २०२० मध्ये जेमतेम पंधरा-सोळा लाख लोक आले आणि वार्षिक उत्पन्न सुमारे ९९ दशलक्ष युरोंवरून २५ दशलक्षांवर आलं. ३० ऑक्टोबर २०२० ला झालेली दुसरी बंदी १६ जुलै २०२१ ला उठली. दुसऱ्या महायुद्धानंतर टॉवर इतका सलग कधी मिटला नव्हता. उघडल्यावरही दिवसाला पंचवीस हजारांऐवजी तेरा हजारांनाच प्रवेश होता.

त्याआधी २५ जून २०२० रोजी पहिली बंदी उठली तेव्हाही लिफ्ट बंदच होत्या. तोंडावर मास्क लावून लोक एका पायातून चढत होते, दुसऱ्यातून उतरत होते. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या.