मोटारीतील यूएसबी पोर्ट

फोन चार्ज करणे, पेनड्राइव्हवरील गाणी वाजवणे किंवा फोन गाडीच्या पडद्याशी जोडणे यांसाठी मोटारीच्या आत दिलेली खाच. यूएसबी हे मानक १९९६ साली संगणकांसाठी आले. गाडीत ते आले तेव्हा बहुधा टेपच्या, म्हणजे गाणी वाजवणाऱ्या यंत्राच्या, दर्शनी पट्टीवर, छोट्या झाकणाखाली असे. त्याआधी हे काम सिगारेट लायटरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर अडॅप्टर खोचून चाले आणि जुन्या गाड्यांत आजही तसेच चालते.

पुढचे पोर्ट बहुतेक गाड्यांत गिअरच्या पुढच्या खणात, एसीच्या बटनांखाली सापडतात. तिथे नसतील तर आर्मरेस्टचे झाकण उचलावे, मग ग्लोव्हबॉक्स पाहावा. मागच्यांसाठीचा पोर्ट दोन पुढच्या सीटांच्या मधोमध, मागच्या एसी झरोक्याखाली असतो. सात आसनी गाडीत तिसऱ्या ओळीसाठी तो बाजूच्या पॅनेलमध्ये, बाटली ठेवायच्या जागेजवळ पाहावा. खालच्या व्हेरिएंटमध्ये मागे बहुधा काहीच नसते, हे गाडी घेताना कोणी विचारत नाही; लग्नसराईत सगळे घर गाडीत बसले की कळते.

दिसायला सारखे असलेले पोर्ट कामाला सारखे नसतात. ज्यावर त्रिशूळासारखे चिन्ह असते, तो बहुधा टेपशी जोडलेला डेटा पोर्ट. विजेचे किंवा बॅटरीचे चिन्ह असेल तर तो फक्त चार्जिंगचा. फोनवरचे मॅप आणि गाणी गाडीच्या पडद्यावर आणणारे अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले तारेने लावायचे तर पहिलाच लागतो, आणि केबलही डेटा नेणारी हवी. स्वस्तातल्या काही केबलींत विजेच्या दोनच तारा असतात. अशा केबलीने फोन चार्ज होतो, पण पडद्यावर काही येत नाही आणि दोष विनाकारण गाडीला दिला जातो.

चार्जिंगचेही तसेच. जुन्या डेटा पोर्टातून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट एवढेच मिळतात. नांदेडहून तुळजापूरपर्यंत मॅप लावून, पडदा उजळ ठेवून गेले तर फोन जवळपास तेवढी वीज खातो. पिन लावलेली असूनही टक्के वाढत नाहीत ते यामुळे. टाइप-सी पोर्ट पॉवर डिलिव्हरी (यूएसबीची जलद चार्जिंगची पद्धत) देणारा असेल, तर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलीने बराच वेग मिळतो. मात्र ज्या फोनांचे जलद चार्जिंग कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचे असते, ते गाडीत सावकाशच भरतात.

पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. एनटीएफएस ही फॉरमॅटची दुसरी पद्धत बऱ्याच टेपांना वाचता येत नाही. गाणी एमपी३ असलेली बरी. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून आलेले भजन ओपस प्रकारात असते आणि ते बहुतेक टेपांवर वाजत नाही; आधी बदलून घ्यावे लागते. जुन्या टेपांवर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून कीर्तनांच्या फाइलींना रोमन अक्षरांत नावे देणे सोयीचे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पोर्टापेक्षा फोनचीच कसोटी लागते. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो आणि उन्हात लावलेल्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापते. लिथियम-आयन बॅटरी फार तापली की फोन स्वतःच चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो. काचेला चिकटवलेल्या स्टँडवर, ऊन झेलत, मॅप आणि चार्जिंग एकदम चालू असेल तर हे हमखास होते. स्टँड एसीच्या झरोक्यावर लावावा.

गावी लाइट गेली की गाडीत फोन चार्ज करतात. त्यात गाडीची बॅटरी उतरेल ही भीती मोठी वाटते, पण हिशोब तसा नाही. ५००० एमएएचच्या फोनला पूर्ण भरायला वाया जाणारी वीज धरून साधारण २५ वॉट-तास लागतात. छोट्या पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी सुमारे ४२० वॉट-तासांची असते. म्हणजे एका फोनला जेमतेम ६ टक्के. बॅटरी उतरवतात ते चावी ऑन ठेवून चालू राहिलेले टेप, पंखा आणि दिवे. काही गाड्यांत चावी काढली की पोर्ट बंद होतो, काहींत चालूच राहतो. इलेक्ट्रिक गाडीतही हे पोर्ट सहसा १२ व्होल्टच्या वेगळ्या छोट्या बॅटरीच्या जाळ्यावरच असतात.

पोर्ट अचानक मेला तर आधी फ्यूज पाहावा. लायटर सॉकेट आणि यूएसबी यांचा फ्यूज पुष्कळ गाड्यांत एकच असतो. पिन सैल बसत असेल तर आत धूळ दाबली गेलेली असते. काळ्या मातीच्या कच्च्या वाटेने शेतापर्यंत जाणाऱ्या गाडीत ती लवकर साचते. गाडी बंद करून लाकडी काडीने ती हलकेच काढावी, टाचणीने नाही. धातू आतल्या पट्ट्यांना लागून शॉर्ट होतो.