मेंदूच्या वार्धक्याचे व दीर्घकालीन आजारांचे जैवसूचक

मेंदूचे वार्धक्य आणि त्याच्याशी गुंतलेले मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडविकार यांसारखे दीर्घकालीन आजार शरीरात मोजता येतील अशा खुणा सोडतात. या खुणांना जैवसूचक किंवा बायोमार्कर म्हणतात. रक्तदाब किंवा मेंदूचा एमआरआय हेही व्यापक अर्थाने जैवसूचकच. पण या नोंदीचा भर जनुके आणि रेणू यांवर आहे.

या दोहोंत एक मूलभूत भेद आहे, आणि लोकप्रिय लेखनात तो हमखास पुसला जातो. जनुकीय चाचणीचे उत्तर विसाव्या वर्षी आणि ऐंशीव्या वर्षी एकच येते. ती धोका सांगते. रक्तातील प्रथिनाची पातळी वयानुसार, आजारानुसार, औषधानुसार बदलते. ती आजची स्थिती सांगते. एकीचा प्रश्न दुसरीला विचारला की गोंधळ होतो.

जनुकीय सूचक

जनुक म्हणजे जवळजवळ भाकीतच, असे उदाहरण हंटिंग्टन विकाराचे, म्हणजे हालचाली आणि बुद्धी हळूहळू बिघडवणाऱ्या आनुवंशिक मेंदूविकाराचे आहे. या विकाराचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असते आणि त्यात डीएनएच्या ‘सीएजी’ या तीन अक्षरांची पुनरावृत्ती वाढलेली असते, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. पुनरावृत्ती ४० किंवा अधिक असेल, तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या व्यक्तीला हा विकार होतोच. ३६ ते ३९ मध्ये होईलच असे नाही. कमी वयात सुरू होणाऱ्या आनुवंशिक अल्झायमरमध्ये एपीपी (गुणसूत्र २१), प्रेसेनिलिन-१ (गुणसूत्र १४) आणि प्रेसेनिलिन-२ (गुणसूत्र १) या जनुकांतील बदल असाच निर्णायक ठरतो. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती असल्याने एपीपीच्याही दोनऐवजी तीन प्रती असतात, आणि म्हणूनच अशा व्यक्तींच्या मेंदूत अल्झायमरचे बदल लवकर दिसतात. पण अल्झायमरच्या एकूण रुग्णांत असे निर्णायक जनुकबदल असलेले रुग्ण फारच थोडे असतात.

बाकी बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत सर्वांत वजनदार जनुक एपीओई. ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर असून अपोलिपोप्रोटीन-ई हे कोलेस्टेरॉल वाहणारे प्रथिन घडवते. या प्रथिनाची ई-२, ई-३ आणि ई-४ ही तीन प्रमुख रूपे २९९ अमिनो आम्लांपैकी केवळ ११२ व्या आणि १५८ व्या जागी वेगळी असतात. ई-४ आणि उतारवयातील अल्झायमर यांचा संबंध १९९३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील ॲलन रोझेस यांच्या गटाने दाखवला. युरोपीय वंशाच्या लोकसमूहांत ई-४ ची एक प्रत असल्यास धोका सुमारे तिप्पट, तर दोन प्रती असल्यास आठ ते बारा पट किंवा त्याहूनही अधिक वाढलेला आढळतो. ई-२ उलट संरक्षक ठरते. आफ्रिकी वंशाच्या लोकांत ई-४ चा परिणाम सौम्य, तर जपानी लोकांत अधिक तीव्र दिसला आहे. त्यामुळे एका लोकसमूहाचे आकडे दुसऱ्याला सरसकट लावणे चूक आहे. ई-४ बाळगणारे अनेक जण स्मृतिभ्रंशाशिवाय म्हातारे होतात आणि अनेक रुग्णांत ई-४ नसतेच. हेच रूप रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल आणि हृदयाच्या रोहिण्यांच्या विकाराचा धोकाही वाढवते, म्हणजे मेंदू आणि हृदय यांची सरहद्द या जनुकापुरती तरी पुसट आहे.

डीएनएच्या रचनेचे सहशोधक जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जनुकसंच २००७ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट झाकून ठेवायला सांगितली होती : आपले एपीओईचे रूप.

एपीओईचीच एक दुर्मिळ कहाणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. कोलंबियातील एका मोठ्या कुटुंबात प्रेसेनिलिन-१ मधील बदलामुळे चाळिशीतच स्मृती ढासळू लागते. या कुटुंबातील एका स्त्रीत तोच बदल असूनही सत्तरीपर्यंत तिची बुद्धी शाबूत होती. तिच्यात एपीओईच्या ‘ख्राइस्टचर्च’ नावाच्या विरळ रूपाच्या दोन प्रती होत्या. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही दोन प्रथिने साचतात. तिच्या मेंदूत अमायलॉइड भरपूर साचले होते, टाऊचा पसारा मात्र मर्यादित होता. जनुकाचा हुकूमही दुसऱ्या जनुकामुळे फिरू शकतो, हे यातून दिसलेच; शिवाय अमायलॉइड आणि टाऊ यांपैकी बुद्धीच्या ऱ्हासाशी अधिक जवळचे नाते कोणाचे, याचाही दाखला मिळाला.

अमायलॉइड, टाऊ आणि रक्तचाचणी

अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये रुग्णाच्या मेंदूत पाहून वर्णन केलेल्या गुठळ्या आणि गुंते यांची रासायनिक ओळख पटायला पुढे सात-आठ दशके गेली. गुठळ्यांत सापडणारे अमायलॉइड-बीटा १९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी वेगळे केले. गुंते टाऊ या प्रथिनाचे असतात.

कमरेच्या मणक्यांतून सुईने काढलेल्या मस्तिष्क-मेरुद्रवात (मेंदू व मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात) ४२ अमिनो आम्लांचे अमायलॉइड अल्झायमरमध्ये वाढत नाही, कमी होते. कारण ते मेंदूतील गुठळ्यांत अडकून पडते आणि द्रवात उतरतच नाही. टाऊ मात्र वाढतो. एकूण अमायलॉइडनिर्मिती व्यक्तीगणिक कमी-जास्त असल्याने ४२ आणि ४० या दोन प्रकारांचे गुणोत्तर अधिक विश्वासार्ह ठरते. जिवंत माणसाच्या मेंदूतील गुठळ्या २००४ पासून त्यांना चिकटणाऱ्या किरणोत्सारी पिट्सबर्ग संयुगाच्या साहाय्याने पेट स्कॅनच्या प्रतिमेत दिसू लागल्या.

रक्तात हीच प्रथिने अत्यंत विरळ असतात. एकेक रेणू मोजणारी सिमोआसारखी तंत्रे आणि सुधारित वस्तुमान वर्णपटमापन (मास स्पेक्ट्रोमेट्री) यांनी हा अडथळा ओलांडला. आज सर्वाधिक भरवसा आहे तो पी-टाऊ २१७ वर, म्हणजे २१७ व्या जागी फॉस्फेट चिकटलेल्या टाऊवर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड-४२ यांच्या गुणोत्तरावर आधारित रक्तचाचणीला मान्यता दिली. ती ५५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या, लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी आहे. धडधाकट माणसाच्या कुतूहलासाठी नव्हे.

ही अट महत्त्वाची आहे. स्मृती उत्तम असलेल्या पन्नाशीच्या लोकांत सुमारे १० टक्के आणि नव्वदीच्या लोकांत सुमारे ४४ टक्के जणांच्या मेंदूत अमायलॉइड आढळते. मग यांना आजारी म्हणायचे का? अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशनच्या २०२४ च्या निकषांनुसार सूचक सापडला की आजार आहे. लक्षणे ही त्याची पुढची पायरी. आंतरराष्ट्रीय कार्यगटातील तज्ज्ञांना हे मान्य नाही : लक्षणांशिवाय केवळ धोका आहे, आजार नव्हे. ज्यांच्यापैकी बऱ्याच जणांना मरेपर्यंत विस्मृती होणार नाही, अशांच्या माथी रोगाचे नाव मारणे प्रस्तुत लेखकालाही घाईचे वाटते.

विशिष्ट नसलेले, तरी उपयोगी

न्यूरोफिलामेंट लाइट हे मज्जापेशींच्या लांब अक्षतंतूंच्या सांगाड्यातील प्रथिन. अक्षतंतू तुटले की ते द्रवात आणि रक्तात उतरते. मल्टिपल स्क्लेरोसिस, एएलएस (स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी मरण्याचा विकार), पक्षाघात, डोक्याला मार अशा कोणत्याही कारणाने ते वाढते, आणि वयाबरोबरही वाढत जाते. नुकसान होत आहे एवढे ते सांगते, कशामुळे ते नाही. तरीही २०२३ मध्ये एसओडी-१ जनुकातील बदलामुळे होणाऱ्या एएलएसवरील टोफर्सेन या औषधाला सशर्त मंजुरी मिळाली, ती याच प्रथिनाच्या घटलेल्या पातळीवर. मज्जापेशींना आधार देणाऱ्या ताराकृती पेशींतील जीएफएपी हे प्रथिन अमायलॉइडच्या सुरुवातीच्या काळात वाढू लागते. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे चुकीच्या घडीचे कण परीक्षानळीत वाढवून ओळखता येतात, मात्र त्यासाठी अजून मुख्यतः मस्तिष्क-मेरुद्रवच लागतो.

वय मोजणारी घड्याळे

डीएनएवर जागोजागी मेथिल गट हे छोटे रासायनिक गट चिकटतात (याला मेथिलीकरण म्हणतात) आणि वयानुसार त्यांचा नकाशा बदलतो. स्टीव्ह होरवाथ यांनी २०१३ मध्ये ३५३ जागांवरून अनेक ऊतींचे वय सांगणारे गणित मांडले. या पहिल्या पिढीच्या घड्याळांत एक गंमतशीर अडचण आहे. ती जन्मतारखेशी जुळवून घडवलेली असल्याने घड्याळ जितके अचूक, तितके ते जन्मदाखल्याहून वेगळे काही सांगत नाही. म्हणून फेनोएज (२०१८) आणि ग्रिमएज (२०१९) ही पुढची घड्याळे आजार व मृत्यू यांच्या धोक्याशी जुळवली गेली, तर न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्यांच्या दीर्घ अभ्यासातून वार्धक्याचा वेग मोजणारे डनेडिन-पेस हे साधन आले. मेंदूसाठी रक्तातील मेथिलीकरण हा दुरूनचा साक्षीदार आहे. मेंदूतही सर्व भाग सारखे म्हातारे होत नाहीत, लहान मेंदूचे घड्याळ मागे असते. गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमिअरचा बोलबाला मोठा, पण ती पेशीविभाजनागणिक आखूड होतात आणि प्रौढ मज्जापेशी विभागतच नाहीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये रक्तातील हजारो प्रथिनांवरून अकरा अवयवांचे वय वेगवेगळे काढले. हा मार्ग अधिक आशादायक वाटतो.

शरीराचे आजार, मेंदूची मोजणी

मधुमेहाचा एचबीए१सी हा कदाचित सर्वांत यशस्वी रेणवीय सूचक. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून त्यांतील साखर चिकटलेले हिमोग्लोबिन गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते, ६.५ टक्के ही निदानाची सीमा आहे. पण पेशी लवकर फुटत असतील तर आकडा खोटा कमी येतो, लोहाची कमतरता असेल तर खोटा जास्त. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन आणि इंटरल्यूकिन-६ हे दाहाचे सूचक वयानुसार हळूहळू चढतात. या मंद दाहाला क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० मध्ये ‘इन्फ्लमेजिंग’ म्हटले. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असल्याने स्नायू झिजलेल्या वृद्धात फसवे चांगले दिसते. तिथे रक्तातील सिस्टॅटिन-सी हे प्रथिन अधिक खरे बोलते.

या सूचकांचा मेंदूच्या चाचण्यांशी थेट संबंध येतो. मूत्रपिंड मंदावले की न्यूरोफिलामेंट आणि पी-टाऊ रक्तात साचतात. मेंदूत नवे काही न घडताही आकडा चढतो. स्थूल व्यक्तीत रक्ताचे आकारमान जास्त असल्याने तीच प्रथिने विरळ होऊन आकडा उतरतो. गुणोत्तर वापरल्याने ही चूक काही अंशी भरून निघते. म्हणून मूत्रपिंडाचा अहवाल आणि वजन माहीत नसताना केवळ पी-टाऊच्या आकड्यावरून निदान करणे धोक्याचे. शिवाय वृद्धांच्या मेंदूत अल्झायमरबरोबर बारीक रक्तवाहिन्यांची हानी, लेवी पिंड (अल्फा-सिन्युक्लिनचे गोळे), टीडीपी-४३ या प्रथिनाचे साचे असे बदल बहुधा एकत्रच असतात, आणि या सर्वांसाठी भरवशाच्या रक्तचाचण्या अजून नाहीत.

औषधे आणि कुटुंब

सूचक सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असे नसते. अमायलॉइड घटवल्याच्या आधारावर अदुकानुमॅब या अल्झायमरवरील औषधाला अमेरिकेत २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, पण बुद्धीवरील फायद्याचा वाद मिटला नाही आणि २०२४ मध्ये उत्पादकाने ते थांबवले. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब या तशाच औषधांनी ऱ्हासाचा वेग काहीसा कमी केल्याचे चाचण्यांत दिसले. मात्र मेंदूला सूज येणे किंवा सूक्ष्म रक्तस्राव होणे हा त्यांचा दुष्परिणाम ई-४ च्या दोन प्रती असणाऱ्यांत सर्वाधिक आढळतो. त्यामुळे उपचारापूर्वी एपीओईची चाचणी सुचवली जाते. रुग्णात ई-४ च्या दोन प्रती निघाल्या, तर त्याच्या प्रत्येक अपत्यात किमान एक प्रत असतेच. ज्यांनी कधी चाचणीला होकार दिला नाही, त्या मुलांचेही अर्धे उत्तर आई किंवा वडिलांच्या अहवालातच लिहून येते.